मुलाला बांधण्याआधी

तत्त्वज्ञानाच्या माणसाने दवाखान्यात का शिरावे, असे तुम्ही विचाराल. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्यावर बळ वापरावे का, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे फळ्यासमोर शिकवला. तो कळला मात्र एका रुग्णालयाच्या बाकावर. आमच्या नात्यातला तेरा वर्षांचा मुलगा, रात्रीची वेळ, आरडाओरडा, वस्तूंची फेकाफेक. पोचल्यावर पाच मिनिटांत त्याचे हात चादरीच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले गेले. पाय आम्ही धरले होते. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. रात्रपाळीला माणसंच दोन होती.

आता हे जे 'माणसं दोन होती', तिथेच कायदा बोट ठेवतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम ९७ प्रमाणे रुग्णाला बांधायचं ते फक्त त्याला किंवा इतरांना होणारी तात्काळची इजा टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी गरजेपुरता वेळ. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणून तर नाहीच. कारण, पद्धत, वेळ कागदावर नोंदवायची. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे अज्ञान मुलाच्या बाबतीत बहुधा आईवडिलांना, २४ तासांत कळवायचं. साखळदंडाला तर कलम ९५ ने सरसकट बंदी आहे. ती कशासाठी, हे तामिळनाडूतल्या एरवाडीची आठवण असणाऱ्यांना सांगायला नको. ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत तिथे २८ जण गेले. साखळ्यांमुळे त्यांना पळता आलं नाही.

पण मग करायचं काय? मूल तर अंगावर धावून येतंय! इथे आपली एक चूक होते. दहा जण एकदम बोलतात. बोलणारा एकच असावा, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत, थोडं अंतर राखून. बाकीच्यांनी बाहेर जावं. लागण्यासारख्या वस्तू उचलाव्यात, दिवे-आवाज कमी करावेत. 'गप बस' म्हणण्यापेक्षा 'इथे बसतोस की खिडकीपाशी?' असं विचारावं. निवड हातात आली की मुलाची भीती जराशी उतरते. आईला विचारावं, हा कशाने शांत होतो? डॉक्टरांनी ताप, फिट, रक्तातली साखर, दुखणं हेही बघायला हवं, कारण बोलता न येणारं मूल पोटदुखीनेही असं वागू शकतं. पालथं दाबून धरणं तर फार धोक्याचं, श्वास कोंडतो.

वेळ लागतो याला. अर्धा तासही लागेल. बांधायला पाच मिनिटं पुरतात, हे खरंच. पण आमच्या त्या मुलाने पुढे विचारलं, 'आबा, तुम्ही माझे पाय का धरले?' नीतिशास्त्राचे सगळे वर्ग घेतलेल्या आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर दवाखान्याचं नाव काढलं की तो घराबाहेर पळायचा. गोळ्यांपेक्षा ती भीती घालवायला जास्त दिवस गेले.

घोटीहून नाशिकला न्यायची वेळ आली तर निघण्याआधी फोन करून मुलाचं वय, चालू गोळ्या आणि त्याला काय सहन होत नाही ते कळवावं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे. आणि आईने किंवा बापाने मुलाजवळ थांबायचा आग्रह धरावा. मूल भरती झालं तर पूर्ण मुक्काम पालकाने सोबत राहावं, असं कलम ८७ च सांगतं. ही मेहेरबानी नव्हे.