जुने सामान ऑनलाइन घेताय-विकताय? पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही!

घर बदलायचे आहे, जुना सोफा विकायचा आहे. फोटो काढून ८ हजार रुपयांची जाहिरात टाकली. दहाव्या मिनिटाला फोन येतो. समोरचा माणूस घासाघीस करत नाही, सोफा पाहायलाही येत नाही. ‘मॅडम, माझा माणूस संध्याकाळी टेम्पो घेऊन येईल. पैसे आत्ताच पाठवतो. कोड पाठवलाय, तो स्कॅन करा म्हणजे रक्कम जमा होईल.’ कोड स्कॅन होतो, पिन टाकला जातो आणि ८ हजार रुपये येण्याऐवजी जातात. ‘अहो, चुकून उलटे झाले, परत करतो’ म्हणत दुसरा कोड येतो. आणखी ८ हजार जातात.

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री जिथे चालते तिथे हे भामटे असतातच. त्यांच्या युक्त्या मोजक्याच आहेत. एकदा कळल्या की पहिल्या दोन वाक्यांतच त्या ओळखता येतात.

पिन नेमका कशासाठी?

यूपीआयचा पिन म्हणजे चेकवरची सही. ती आपल्या खात्यातून पैसे काढण्यासाठी असते. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठल्या लिंकवर क्लिकही करावे लागत नाही. यूपीआय आयडी किंवा मोबाइल क्रमांक दिला की पुरे. क्यूआर कोडमध्ये पैसे घेणाऱ्याचा पत्ता असतो. त्यामुळे जो स्कॅन करतो तोच पैसे देतो.

पूर्वी समोरच्याला थेट ‘पैशांची मागणी’ पाठवून फसवले जायचे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंद केली. पण क्यूआर कोड आणि लिंकचा मार्ग अजून उघडाच आहे.

विकणाऱ्याची फसवणूक कशी होते?

कोडची युक्ती वर आलीच. काही जण आधी खरोखर १ किंवा ५ रुपये पाठवतात. ते जमा झाले की विश्वास बसतो आणि पुढचा मोठ्या रकमेचा कोड बिनधास्त स्कॅन केला जातो.

दुसरी युक्ती बनावट स्क्रीनशॉटची. पैसे पाठवल्याचा हिरवा टिकमार्क दाखवणारे चित्र कुणालाही बनवता येते. म्हणून समोरच्याचा फोन पाहू नका. स्वतःचे बँकेचे अॅप उघडा, शिल्लक पाहा आणि मगच वस्तू हातातून सोडा. ‘सर्व्हर स्लो आहे, तासाभरात जमा होईल’ असे कुणी म्हणाले, तर वस्तूही तासाभराने द्या.

तिसरी युक्ती ‘जास्त पैसे आले’ची. ८ हजारांऐवजी ८० हजार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि पाठोपाठ रडवेला फोन, ‘एक शून्य जास्त पडले, दवाखान्यासाठी ठेवले होते, उरलेले परत करा.’ मेसेज खोटा असतो. बँकेचा संदेश सहसा दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, हे लक्षात ठेवा. खात्यात खरेच जास्त रक्कम आली असेल, तर स्वतः परत पाठवू नका, बँकेला कळवा.

घेणाऱ्याची फसवणूक कशी होते?

इथे आमिष असते स्वस्ताईचे. ‘मी लष्करात आहे, अचानक बदली झाली, स्कूटर निम्म्या किमतीत द्यायची आहे.’ सोबत ओळखपत्राचा आणि गणवेशातला फोटो. गाडी छावणीच्या आवारात असल्याने पाहता येणार नाही म्हणे. आधी वाहतुकीचे २ हजार मागितले जातात, मग ‘परत मिळणारा’ विमा, मग जीएसटी. दिलेले बुडू नयेत म्हणून माणूस आणखी देत जातो. लष्कराबद्दलचा आदर इथे हत्यार म्हणून वापरला जातो. ओळखपत्राचा फोटो म्हणजे ओळख नव्हे.

नियम साधा ठेवा. वस्तू पाहिल्याशिवाय टोकन नाही, अॅडव्हान्स नाही. भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी ठरवा आणि कुणाला तरी सोबत न्या. पैसे पाठवण्याआधी अॅपवर दिसणारे नाव वाचा. विकणारा एक आणि नाव भलत्याच माणसाचे असेल, तर तिथेच थांबा.

मोबाइल किंवा गाडी घेताना

जुना मोबाइल घेताना \*#०६# डायल करून त्याचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक पाहा. सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर हा क्रमांक टाकला की हँडसेट बंद करण्यात आलेला, म्हणजे ब्लॅकलिस्टमधला, आहे का ते कळते. बिल आणि खोकाही मागा.

गाडी असेल तर ‘एम-परिवहन’ अॅपवर नोंदणी क्रमांक टाकून माहिती तपासा. आरसी बुकावरचे नाव, चेसिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हवे. नाव बदलण्यासाठीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

हे तर कधीच नको

‘मदतीसाठी’ एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे अॅप घ्यायला कुणी सांगितले, तर फोन ठेवा. अशा अॅपमुळे तुमची स्क्रीन त्याला दिसू लागते. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका.

पैसे गेलेच तर?

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला करा, तोही लगेच. तक्रार नोंदली की माहिती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि पैसे पुढे काढले गेले नसतील तर ते गोठवता येतात. भामटे काही मिनिटांतच रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात, म्हणून एकेक मिनिट मोलाचे आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. व्यवहाराचा क्रमांक, चॅट, समोरच्याचा नंबर आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका.

सोबतच बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकालाच सोसावे लागते. कळवल्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी बँकेची. बँकेचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका, तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर असतात. कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबर वापरा. ‘बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला, तर ती दुसरी फसवणूक आहे.

संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी नुसार गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही ‘लोक हसतील’ म्हणून अनेक जण घरातही सांगत नाहीत, आणि पैसे गोठवण्याची वेळ त्या गप्प बसण्यातच निघून जाते. घरातल्या आई-बाबांना, आजी-आजोबांना आजच दोन गोष्टी सांगून ठेवा. पैसे येताना पिन लागत नाही. आणि चुकून टाकलाच, तर घरी कुणी रागावणार नाही, आधी १९३० लावा.