गिझर घेण्याआधी बादल्या मोजा

दिवाळीच्या सुमारास हवेत गारवा आला की विजेच्या सामानाच्या दुकानांत गिझरची रांग दर्शनी भागात येते. गिऱ्हाईक साधारण दोनच प्रश्न विचारते: किती लिटरचा, आणि किती स्टारचा. दुकानदार पाच स्टारचा काढून दाखवतो. तो थोडा महाग असतो, पण वरचे पैसे बिलातून वसूल होतील या भरवशावर घरी आणला जातो. फ्रिजच्या बाबतीत असा भरवसा ठेवायला हरकत नाही. गिझरच्या बाबतीत मात्र तो निम्माच खरा आहे, कारण स्टार जे मोजतात ते वेगळे आणि आपले बिल ज्याने फुगते ते वेगळे. काटकसरीचा गिझर दुकानात ठरत नाही. घरात रोज किती बादल्या ऊन पाणी लागते, ते कोणत्या वेळांना लागते आणि ते नळापर्यंत किती लांबून येते, या तीन गोष्टींवर तो ठरतो.

गिझरवर चिकटवलेले ते लेबल एकदा जवळ जाऊन वाचावे. ताऱ्यांच्या कमानीखाली बारीक अक्षरांत कंपनी, मॉडेल, टाकी किती लिटरची, आणि त्यानंतर ‘स्टँडिंग लॉस’ असा एक आकडा असतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, स्टार ठरवले आहेत ते या आकड्यावरून. त्याचा अर्थ असा: टाकीतले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवले आणि चोवीस तासांत कोणी नळ उघडलाच नाही, तर ते तसेच गरम राखायला किती युनिट जातील. थोडक्यात, लेबल गिझरचे पांघरूण मोजते. आतली टाकी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये जो फोम भरलेला असतो, त्याची ही परीक्षा आहे. पाणी तापवताना वीज किती कमी खर्च होते, याबद्दल ते काही सांगत नाही, आणि सांगण्यासारखे तिथे काही नाहीच. कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिच्यात गेलेल्या विजेची उष्णता होते आणि ती उष्णता पाण्यातच जाते. या एका कसोटीवर बादलीत सोडायचा स्वस्तातला रॉड आणि महागडा गिझर अगदी बरोबरीचे आहेत. तरीही रॉड घेऊ नका. शॉक लागण्याचा धोका हे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे.

आता हिशोब मांडू. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. नळाचे पाणी २२ अंशांचे आणि आंघोळीचे ४२ अंशांचे धरले, तर २० लिटरच्या एका बादलीला ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटला थोडी कमी वीज पडते. नाशिक-नागपूरकडे कडाक्याच्या थंडीत नळाला १६ अंशांचे पाणी आले, तर तीच बादली ०.६ युनिट घेते. मे महिन्यात ३० अंशांचे पाणी असेल तर पाव युनिटाच्या आसपास. कोणत्याही कंपनीचा, कितीही ताऱ्यांचा विजेचा गिझर आणला तरी हा आकडा खाली येत नाही, कारण तो पाण्याच्या स्वभावातून आला आहे. आणि म्हणूनच बादली की शॉवर, हा प्रश्न तीन की पाच स्टार यापेक्षा फार मोठा आहे. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहणे म्हणजे पाच बादल्या, म्हणजे सव्वादोन युनिटांहून अधिक. ज्या घरात चार माणसे एकेक बादली घेतात, तिथे दिवसाला दोन युनिटांत काम भागते. त्याच चौघांनी असा शॉवर घेतला तर नऊ लागतात. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे आहेत. गिझरचे युनिट घरातल्या इतर वापराच्या वर येऊन बसतात, तेव्हा त्यांचा भाव बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा धरायला हवा, सरासरीचा नव्हे.

मग स्टार निरर्थक आहेत का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. समजा १५ लिटरच्या एका गिझरच्या लेबलावर अर्धा युनिट लिहिले आहे. तो बारा महिने, चोवीस तास चालू ठेवला तर निव्वळ पाणी गरम राखण्यात वर्षाला १८० युनिट जातील. ज्याचा आकडा याच्या दुप्पट आहे, त्याचे ३६०. ज्या घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल आहे आणि दिवसभर अधूनमधून ऊन पाणी लागते, तिथे हा फरक घसघशीत आहे, आणि तिथे पाच स्टारच घ्यावा. पण सकाळी तासभर बटण दाबून नंतर बंद करणाऱ्या घरात पांघरुणाची परीक्षाच फारशी होत नाही. तासाभराचा तोटा युनिटाच्या पन्नासाव्या भागाएवढा. अशा घरात पैसा जातो तो वेगळ्याच वाटेने. शेवटचा माणूस आंघोळ करत असताना गिझर चालूच राहतो, टाकीत शिरलेले गार पाणी पुन्हा ६० अंशांपर्यंत तापते, आणि ते वापरायला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी नसते. यात सुमारे ०.६६ युनिट गुंततात. चांगल्या पांघरुणाच्या टाकीत दुसऱ्या सकाळी त्यातली निम्म्याच्या आसपास उष्णता उरलेली असेल, साध्या टाकीत त्याहून कमी. शेवटच्या माणसाने पाणी काढायला सुरुवात करण्याआधी बटण बंद केले, तर ही नासाडी होतच नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. गिझर सारखा चालू-बंद केला तर पुन्हा तापवायला जास्त वीज जाते, त्यापेक्षा तो चालूच ठेवलेला बरा, असे अनेकजण खात्रीने सांगतात. ही समजूत चुकीची आहे. टाकीतून उष्णता किती वेगाने बाहेर पडते, हे पाणी हवेपेक्षा किती गरम आहे यावर अवलंबून असते. बंद गिझरमधले पाणी जसजसे निवते, तसतसा तोटाही कमी होत जातो. चालू गिझरमध्ये तो दिवसभर सर्वांत वरच्या पातळीवर राहतो. पुन्हा तापवताना जितकी उष्णता गेली तितकीच भरून काढावी लागते, कणभरही जास्त नाही. थर्मोस्टॅट खाली आणण्याने बचत होते हे खरे, पण ती मर्यादा सांभाळून करावी. कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत साठून राहिले तर त्यात जिवाणू वाढू शकतात. ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवून, लागेल तेवढे विसण घालून वापरणे हेच शहाणपणाचे.

विसण हा आपला शब्द गिझर किती लिटरचा घ्यावा हे ठरवायलाही उपयोगी पडतो. ६० अंशांच्या १५ लिटर पाण्यात २२ अंशांचे विसण घातले की ४२ अंशांचे साधारण २८ लिटर पाणी होते, म्हणजे जवळजवळ दीड बादली. आणि २ किलोवॉटचा गिझर ही टाकी वीस मिनिटांत पुन्हा तापवतो. चौघांच्या आंघोळी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने होत असतील, तर १५ लिटर पुरतात. एकापाठोपाठ एक उरकायच्या असतील तर २५ घ्यावा. त्याहून मोठी टाकी म्हणजे न वापरलेले पाणी तापवत बसणे. वाड्यांतला तांब्याचा बंब आठवून पाहा. जाळ मधल्या नळीत, पाणी त्याच्या चहूबाजूंनी, आणि जेवढे ऊन पाणी काढायचे तेवढे गार वरून ओतायचे. लाकूड स्वतः आणून घालावे लागे, म्हणून किती बादल्या काढल्या याचे भान घराला आपोआप राही. बटणाने ते भान घालवले.

तीन लिटरचा झटपट तापवणारा, ज्याला सगळे इन्स्टंट म्हणतात, तो स्वयंपाकघराला आणि एकट्या-दुकट्याच्या घराला उत्तम. त्यात साठवण जवळपास नाही, म्हणून तोटाही नाही. मात्र त्याची ताकद ओळखून घ्यावी: ३ किलोवॉटचा इन्स्टंट पाणी वीस अंशांनी तापवत मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो, म्हणजे एक बादली भरायला नऊ-दहा मिनिटे. शिवाय तो १३ अँपिअर ओढतो. जुन्या इमारतीतल्या बारीक वायरवर आणि साध्या सॉकेटवर तो लावणे धोक्याचे आहे. स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग यांचा खर्च गिझरच्या किमतीतच धरावा.

गॅस गिझरची बाजू ऐकून घेण्यासारखी आहे. चंद्रपूर किंवा कोराडीच्या केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज होऊन घरापर्यंत पोहोचते. त्या विजेचे पुन्हा ऊन पाणी करण्यापेक्षा गॅस थेट पाण्याखाली जाळणे इंधनाच्या दृष्टीने सरळ आहे. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमधून, ८० टक्के उष्णता पाण्यात उतरली असे धरले, तर सुमारे १४५ युनिटांएवढी उष्णता मिळते, म्हणजे वर धरलेल्या मापाच्या तीनशेवर बादल्या. तेव्हा आपल्या वरच्या टप्प्याच्या दराला १४५ ने गुणावे. सिलिंडर त्यापेक्षा स्वस्त पडत असेल तर गॅस परवडतो. पण या हिशोबात एक गोष्ट येत नाही. बंद न्हाणीघरात गॅस जळला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आत असलेल्या माणसाला चक्कर येण्यापलीकडे इशारा मिळत नाही. याने माणसे मेली आहेत. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवता येत नसेल तर तो घेऊच नये. तिथे पैशाचा मुद्दा संपतो.

विजेवर चालूनही कोळशाचा तो तोटा भरून काढणारे यंत्र एकच, हीट पंप. तो वीज जाळून उष्णता तयार करत नाही. उलट्या फ्रिजसारखा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, आणि एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. आपल्याकडची हवा उबदार असल्याने त्याला इथे काम सोपे जाते, आणि पावसाळ्यातही तो थांबत नाही. किंमत मोठी, जागा लागते, आवाज होतो. दोन माणसांच्या फ्लॅटला तो परवडणार नाही. एकत्र कुटुंबाचा बंगला, वसतिगृह, छोटे रुग्णालय, लॉज यांनी मात्र तो डावलून साधे मोठे गिझर बसवणे मला चूक वाटते.

राहिला सौर बंब. १०० लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर नेणे म्हणजे ४.४ युनिटांचे काम, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन चौरस मीटरचा पत्रा ते फुकटात करतो. महाराष्ट्रात याहून चांगला पर्याय नाही, तरी कित्येक सोसायट्यांच्या गच्चीवर तो नुसता उभा आहे. कारण नळीत सापडते. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला एक तृतीयांश लिटरच्या आसपास पाणी मावते. गच्चीवरची टाकी आणि पहिल्या मजल्यावरचा नळ यांच्यात ३० मीटर नळी असेल, तर रात्रभर गार झालेले नऊ-साडेनऊ लिटर पाणी सोडल्यावर ऊन पाणी हाताला लागते. प्रत्येक घर सकाळी अर्धी बादली पाणी ओतून देते, मग कंटाळून गिझर लावते. नळ्यांना पांघरूण घालणे आणि पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप बसवणे, हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो नवे पत्रे बसवण्याच्या मानाने स्वस्त आहे. दुसरी चूक बॅकअप कॉइलची. ढगाळ दिवसांसाठी टाकीत बसवलेली कॉइल सकाळपासून चालू ठेवली, तर पाणी विजेवरच तापून बसते आणि सूर्याला काम उरत नाही. एका बादलीसाठी शंभर लिटर तापवले जाते ते वेगळेच. जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटमाथ्यावर सौर बंबावर भिस्त ठेवता येत नाही, हा आक्षेप मान्य. त्यासाठी न्हाणीघरात एक लहान गिझर ठेवावा आणि वर्षातले बाकीचे महिने त्याचे बटण बंद असू द्यावे.

बोअरचे जड पाणी असलेल्या गावांत क्षारांचा पांढरा थर हा वेगळा विचार आहे. विजेच्या कॉइलवर थर बसला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते, पण कॉइल जास्त तापून लवकर जळते. गॅस गिझरच्या आणि सौर पत्र्याच्या नळ्यांत थर बसला तर मात्र कार्यक्षमताच घटते. अशा ठिकाणी पत्र्यापेक्षा काचेच्या नळ्यांचा सौर बंब बरा, आणि टाकीत मॅग्नेशियमची कांडी असेल तर ती वर्षाकाठी काढून पाहावी. ती झिजून संपली की टाकीची पाळी असते.

दुकानात जाण्याआधी आठवडाभर कॅलेंडरवर रोजच्या बादल्या लिहा, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. नळ उघडल्यापासून ऊन पाणी हाताला लागेपर्यंत किती लिटर गार पाणी जाते, ते एकदा बादलीत धरून मोजा. विजेचे बिल काढून आपण कोणत्या टप्प्यात आहोत ते पाहा. हे तीन आकडे दुकानदारापुढे ठेवा, आणि लेबलावरचे तारे त्यानंतर मोजा.