घोरण्यावर दातांचा इलाज : कुणाला, केव्हा आणि किती खर्चात?



गेली वीस वर्षे मी न्यू जर्सीत ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबड्याची ठेवण सुधारण्याचे, काम करते आहे. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. एक, "आमची मुलगी तोंड उघडे टाकून झोपते आणि घोरते. ब्रेसेस लावल्या तर थांबेल का?" आणि दुसरा, "ह्यांना ते सीपॅपचे मशीन सहन होत नाही. दातांवर बसवायचे काहीतरी मिळते म्हणे?" ताट हातात धरून याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय. "कसा निवांत झोपलाय बघा!" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण घोरता घोरता माणूस मध्येच गप्प होत असेल आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा श्वास घेत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ बंद होते. मेंदू आपल्याला अर्धवट जागे करतो, म्हणून श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच चालते. परिणामी सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. रोज तास-दीड तास हायवेवर गाडी चालवणाऱ्यांसाठी तर ही पेंग जिवावरची ठरू शकते.

हा फक्त जाड माणसांचा आजार आहे, हा समज चुकीचा आहे. वजन हे मोठे कारण खरे. पण खालचा जबडा लहान किंवा मागे असेल, टाळू अरुंद असेल, तर सडपातळ माणसालाही ॲप्निया होतो. लहान खोलीत मोठे कपाट ठेवले की चालायला वाट उरत नाही, तसेच जिभेचे होते. दातांच्या डॉक्टरचा संबंध येतो तो इथे.

आधी तपासणी, मग दात

एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. तोंडात पाहून किंवा एक्स-रे काढून कोणताही दंतवैद्य ॲप्नियाचे निदान करू शकत नाही. त्याला शंका येऊ शकते, निदान मात्र स्लीप टेस्टनंतर फिजिशियननेच करायचे असते. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने २०१९ साली आम्हा मंडळींना हेच सांगितले. दातांसाठी जागा करायला दाढांपुढचे दात काढले तर ॲप्निया होतो, या भीतीला आधार नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले.

टेस्टमध्ये तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो ते मोजतात. प्रौढांमध्ये ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. मुलांमध्ये मात्र तासाला एकापेक्षा जास्त आकडाही डॉक्टर गांभीर्याने घेतात. प्रौढांची टेस्ट बऱ्याचदा घरी होते; मुलांसाठी मात्र स्लीप लॅबमध्येच जावे लागते.

मुलांसाठी

मुलांमध्ये ॲप्नियाचे नेहमीचे कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड. म्हणून पहिली भेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरची. २०१३ साली अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची टेस्ट सात महिन्यांनी नॉर्मल आली. गंमत म्हणजे नुसते लक्ष ठेवलेल्या मुलांपैकीही ४६ टक्क्यांची आली. तेव्हा सौम्य त्रास असेल तर घाबरून जाऊ नका.

टाळू खरोखर अरुंद असेल, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, तर एक्स्पांडर उपयोगी पडतो. टाळूची दोन हाडे मध्यरेषेवर जुळलेली असतात आणि लहानपणी हा सांधा पक्का झालेला नसतो. आईवडील रोज छोट्या किल्लीने स्क्रू फिरवतात. एका फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर. काही आठवड्यांत पुढच्या दोन दातांत फट दिसू लागते. ही फट म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण, घाबरू नये. टाळू हाच नाकाचा तळ असल्याने नाकाची वाटही रुंदावते. काही मुलांना याचा चांगला फायदा होतो. पण टाळू मुळात पुरेसा रुंद असेल, तर केवळ घोरण्यासाठी एक्स्पांडर लावू नये. नुसते दात सरळ करणाऱ्या ब्रेसेसने तर ॲप्निया बरा होत नाही.

मोठ्यांसाठी

सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली सीपॅपची माहिती प्रसिद्ध केली. आजही तीव्र ॲप्नियावर तोच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पण ज्यांना मास्क सहन होत नाही, त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे उपकरण हा चांगला पर्याय आहे. सौम्य आणि मध्यम ॲप्नियात तो विशेष उपयोगी. हे उपकरण मापाचे, हळूहळू पुढे सरकवता येणारे हवे. दुकानातले गरम पाण्यात मऊ करून चावायचे नको. सुरुवातीला सकाळी जबडा दुखतो, लाळ सुटते. पुढे काही वर्षांत दातांची ठेवणही थोडी बदलू शकते. उपकरण बसल्यावर पुन्हा स्लीप टेस्ट करायला विसरू नका, कारण घोरणे थांबले तरी ॲप्निया उरलेला असू शकतो.

काढता-घालता येणारी प्लेट लावून मोठेपणी टाळू वाढवून देतो, असे कोणी सांगितले तर सावध व्हा. वयात आल्यावर सांधा घट्ट होतो. अशा प्लेटने हाड रुंदावत नाही, दात बाहेर कलतात. जबडा फारच मागे असेल तर दोन्ही जबडे पुढे आणण्याचे ऑपरेशन असते आणि त्याच्या आधी व नंतर ब्रेसेस लागतात. तो निर्णय मोठा आहे, दुसरे मत जरूर घ्या.

पैशाचे गणित

इथे बरेच जण फसतात. ॲप्नियाचे उपकरण दातांवर बसत असले तरी ते बहुधा मेडिकल इन्शुरन्सखाली येते, डेंटलखाली नाही. खर्च साधारण दोन हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त. स्लीप टेस्टचा रिपोर्ट आणि फिजिशियनची ऑर्डर नसेल तर क्लेम नाकारला जातो. उपकरण करण्याआधी ई०४८६ हा कोड देऊन प्री-ऑथोरायझेशन मागा. मेडिकेअरचा पार्ट बी, अटी पूर्ण होत असतील तर, डिडक्टिबलनंतर मंजूर रकमेच्या ८० टक्के देतो. पण दंतवैद्य मेडिकेअरचा सप्लायर आहे का हे आधी विचारा.

मुलांचा एक्स्पांडर आणि ब्रेसेस सहसा डेंटल प्लॅनच्या ऑर्थोडॉन्टिक भागात येतात. त्याला बहुतेक ठिकाणी आयुष्यभराची एकच मर्यादा असते. सातव्या वर्षी ती संपली, तर तेराव्या वर्षीच्या ब्रेसेस खिशातून. म्हणून दोन्ही टप्प्यांचा अंदाज एकदमच मागा. एफ.एस.ए. किंवा एच.एस.ए.चे पैसे दोन्ही उपचारांना चालतात. नोव्हेंबरच्या सुमारास ओपन एन्रोलमेंट असते, तेव्हाच हिशेब करा.

भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांचा व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजारांना सहसा धरत नाही. त्यांना त्रास वाटत असेल तर पुण्या-मुंबईतच टेस्ट करून घेणे शहाणपणाचे. मशीन असेल तर ते विमानात हातातल्या सामानात घेऊन यायला सांगा.

आणि सर्वांत स्वस्त तपासणी घरातच आहे. आज रात्री शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास पाच मिनिटे लक्ष देऊन ऐका, फोनवर रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंग घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा. माझ्याकडे त्यानंतर या.