प्राथमिक शाळेतील मुलांचे मागे पडणे : एक कारणमीमांसा

शाळेच्या पटावर नाव असणे आणि शिकणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, याची जाणीव भारतातील प्राथमिक शिक्षणाच्या विचारात फार उशिरा आली. आज सहा ते चौदा वयोगटातील ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे कोणत्या ना कोणत्या शाळेत दाखल आहेत. परंतु २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, पाचवीतील सुमारे ४९ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण सोडवू शकणाऱ्यांचे प्रमाण तर सुमारे ३१ टक्केच होते. पाच वर्षे शाळेत काढलेल्या निम्म्याहून अधिक मुलांची ही स्थिती असेल, तर तिची कारणे एकेका मुलाच्या ठायी शोधणे अपुरे होय.

या स्थितीची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, काही मुले मुळातच ‘ढ’ असतात. दुसरे असे की, घरचे दारिद्र्य व पालकांची निरक्षरता यांपुढे शाळेचे काही चालत नाही. पहिले स्पष्टीकरण आकड्यांपुढे टिकत नाही. निम्मा समाज जन्मतः मंदबुद्धी असू शकत नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. दारिद्र्य स्वतः वर्गात येऊन मुलाच्या हातातील पुस्तक हिरावून घेत नाही. ते कोणत्या तरी मार्गाने वर्गापर्यंत पोचते आणि तेथे त्याचे रूपांतर न शिकण्यात होते. तो मार्ग कोणता, हे पाहिल्यावाचून उपायाची दिशा सापडणे कठीण आहे.

मागे पडण्याची प्रक्रिया

प्राथमिक शाळेची रचना इयत्तांची आहे. जूनमध्ये सर्व मुले नव्या इयत्तेत जातात आणि सर्वांच्या हाती त्या इयत्तेचे पुस्तक येते. पुस्तक असे गृहीत धरते की, मागच्या इयत्तेचा अभ्यास पक्का झालेला आहे. तिसरीच्या पुस्तकातील परिच्छेद वाचण्यास बाराखडी आणि जोडाक्षरे सहज ओळखता येणे अवश्य असते. ज्याला एकेक अक्षर जुळवावे लागते, त्याचे सारे लक्ष अक्षर ओळखण्यातच खर्ची पडते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याचा आरंभ तो विसरलेला असतो. त्याने पाठ ‘वाचला’ तरी त्याचा अर्थ त्याच्या हाती येत नाही. येथे भारतीय लिप्यांचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. मूळ व्यंजने, त्यांना लागणारी स्वरचिन्हे आणि त्यांतून होणारी जोडाक्षरे असा हा मोठा पसारा आहे. कन्नड लिपी शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून असे दिसले आहे की, तो आत्मसात होण्याचे काम तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. अभ्यासक्रम मात्र ते पहिल्या दोन वर्षांत उरकले असे धरून पुढे जातो.

चौथीत इतिहास, भूगोल व विज्ञान हे विषय वाचनातूनच शिकायचे असतात. म्हणजे दुसरीत राहिलेली एक उणीव चौथीत चार विषयांची उणीव होते. गणिताचेही तसेच आहे. हातच्याची वजाबाकी न समजलेल्या मुलाला भागाकार शिकविता येत नाही, कारण भागाकाराच्या प्रत्येक पायरीला वजाबाकी करावी लागते. ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो व त्यामुळे अधिक चांगले वाचू लागतो. ज्याला येत नाही तो वाचन टाळतो व अधिकच मागे पडतो. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये या चक्राचे सविस्तर विवेचन केले. आरंभीचे अंतर लहान असते. इयत्तांची शिडी ते वाढवीत नेते.

ही गोष्ट अगदीच नवी नाही. १९२९ च्या हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील ‘अपव्यय व स्थगन’ यांकडे लक्ष वेधले, तेव्हा १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी तीन वर्षांनी चौथीत वीसही नव्हती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगालाही सर्वांत मोठे स्थगन पहिलीतच आढळले. आणि म्हणूनच पहिली व दुसरी मिळून एकच श्रेणीविरहित घटक मानावा, अशी शिफारस त्याने केली. आता मूल नापास होऊन पहिलीत अडकत नाही. ते पाचवीत बसून पहिलीत राहते, एवढाच फरक पडला आहे.

अनुपस्थितीचे कारण

बाहेरची परिस्थिती या प्रक्रियेत कशी शिरते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगारांची मुले. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील कोरडवाहू भागातून हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रातील व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे ‘कोयता’ असेच म्हणतात. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. अशा मुलाला दरवर्षी पहिले सत्र मिळते आणि दुसरे मिळत नाही. शिवाय कारखाना बेळगाव जिल्ह्यात असेल, तर जवळची शाळा कन्नड माध्यमाची असण्याचा संभव असतो. मोठ्या मुलीला कोपीवर राहून धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते, ते निराळेच.

हंगाम संपल्यावर मूल गावी परतते, तेव्हा ते जेथे थांबले होते तेथून शाळा पुन्हा सुरू करीत नाही. जूनमध्ये ते पुढच्या इयत्तेत बसते. अर्धे वर्ष बुडणे ही हानी भरून येण्याजोगी आहे. बुडालेला भाग कोणीही पुन्हा न शिकविणे, हे तिला कायमचे करते. कारखान्यांजवळच्या साखरशाळा आणि गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे हे उपाय मूल शाळेत राहावे यासाठी योजलेले आहेत व ते आवश्यकच आहेत. परंतु बुडालेल्या भागाची दखल घेणारी व्यवस्था त्यांना जोडून नसेल, तर काम अर्धेच राहते.

मार्च २०२० पासूनच्या महासाथीत हाच प्रयोग जणू साऱ्या देशावर झाला. दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होते. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते सुमारे २० टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ टक्क्यांच्या आसपास पोचले. शाळा काहीच करीत नाही, हे म्हणणे त्यामुळे खरे ठरत नाही. आणि पूर्वपदावर येणे म्हणजे चौघांतील एकालाच वाचता येण्यापर्यंत येणे, हेही त्यातून दिसते.

भाषेचे कारण

दुसरा मार्ग भाषेचा. मेळघाटातील कोरकू मुलाच्या घरची भाषा मुंडा कुळातली, गडचिरोलीतील गोंड मुलाची द्राविड कुळातली. दोघांच्याही हाती मात्र मराठी पुस्तक येते. वाचायला शिकणे म्हणजे ओळखीच्या शब्दाचे लेखी रूप ओळखणे. येथे शब्दच अनोळखी असतो. मूल अक्षरे घोकते, फळ्यावरचे सुबक उतरवूनही घेते, आणि ते शिकत आहे असा शिक्षकाचा समज होतो. संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याच्या सोयींची अपेक्षा १९५६ मध्येच व्यक्त केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा पुनरुच्चार केला. ओडिशाने २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणास आरंभ केला. असे प्रयत्न अद्याप थोडेच आहेत.

याच प्रश्नाची दुसरी बाजू शहरांत दिसते. घरी इंग्रजीचा शब्दही ज्यांच्या कानी पडत नाही, अशी मुले पालक मोठ्या आशेने इंग्रजी माध्यमात घालतात. पालकांची आकांक्षा समजण्यासारखी आहे. परंतु मुलाच्या दृष्टीने ही स्थिती कोरकू मुलाहून फारशी वेगळी नाही.

घरचे ज्ञान आणि शाळेचे ज्ञान यांतील दरी केवळ भाषेपुरतीही नसते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी व अचूक करीत. तीच उदाहरणे शालेय पद्धतीने कागदावर मांडली की अडखळत. उलट, शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातील हिशेब जमले नाहीत. ज्या मुलाला ‘गणित येत नाही’ असे म्हटले जाते, त्याच्याजवळ गणित नसतेच असे नाही. शाळेला ते ओळखता येत नाही, असेही असू शकते.

देह आणि मन

उपाशी मूल शिकू शकत नाही, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. लोहाच्या कमतरतेने येणारा थकवा व लक्ष न लागणे यांना वर्गात ‘आळस’ हे नाव मिळते. तमिळनाडूने १९८२ मध्ये व्यापक केलेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर देशभर शिजवलेल्या अन्नाच्या रूपाने पोचलेली मध्यान्ह भोजनाची योजना या दृष्टीने शैक्षणिक योजनाच म्हटली पाहिजे. फळा न दिसणे व नीट ऐकू न येणे ही कारणेही पुष्कळदा शिक्षकाच्या ध्यानात येत नाहीत, कारण मूल स्वतः ते सांगत नाही.

मनावरील आघात अधिक सूक्ष्म असतो. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उच्चार झाला नाही तोवर दलित व उच्चवर्णीय मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मुलांची नावे व जाती सर्वांसमोर पुकारल्या गेल्या, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. बुद्धी तीच, कोडी तीच. बदलले ते केवळ वातावरण. मागच्या बाकावर बसविलेल्या, ‘ढ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे पुकारणे वर्षभर चालू असते.

उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा वाद

शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास न करण्याचे ठरविले. मुले मागे राहण्याचे खापर पुष्कळांनी या तरतुदीवर फोडले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण नापास झालेल्या मुलाला पुन्हा तेच पुस्तक, त्याच पद्धतीने, त्याच गतीने शिकविले जाते. दुसरीतले वाचन ज्याचे राहिले, त्याला पाचवी दोनदा करून काय मिळणार? नापास न करणे व नापास करणे या दोन्ही धोरणांत एक साम्य आहे : मूल नेमके कोठे थांबले आहे, हा प्रश्न दोन्हीही विचारीत नाहीत.

उपायाची दिशा

हा प्रश्न विचारला तर काय होते, याची साक्ष उपलब्ध आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम झाला. माध्यमिक शिक्षण झालेल्या स्थानिक तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन मूलभूत वाचन व अंकगणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या काटेकोर तुलनेत या शाळांतील गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्यांना झाला. लक्षणीय गोष्ट अशी की, वर्गात उरलेल्या मुलांना वर्ग लहान होऊनही वेगळा लाभ झाला नाही. पुढे ‘योग्य पातळीवर अध्यापन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीत काही वेळापुरते मुलांचे गट इयत्तेनुसार न करता वाचनाच्या पातळीनुसार केले जाऊ लागले.

त्याहूनही जुना धडा महाराष्ट्रातच सापडतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभारले, तेव्हा मूल शाळेत येत नाही असे पाहून त्यांनी शाळाच मुलाच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. मूल जेथे आहे तेथून आरंभ करणे, हेच त्या कार्याचे सूत्र होते.

२०२१ मध्ये आरंभलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व गणन यावे, हे ध्येय ठेवले आहे. ध्येय योग्य आहे. पण एका शिक्षकाकडे दोन वा अधिक इयत्ता, शिकविण्याखेरीज इतर कामे आणि वर्षअखेर ‘पोर्शन’ पुरा करण्याचे बंधन असेल, तर मागे राहिलेल्या मुलासाठी थांबण्याची मुभा त्याला उरत नाही. शिक्षकाला ती मुभा देणे, पहिल्या दोन इयत्तांना सर्वांत अनुभवी शिक्षक देणे, घरच्या भाषेला वर्गात स्थान देणे आणि हंगामी स्थलांतराहून परतलेल्या मुलाची पातळी पाहून त्याला शिकविणे, या गोष्टींना फार मोठा खर्च लागत नाही. दारिद्र्य दूर होण्यास काही पिढ्या लागतील. दुसरीतल्या मुलाला मात्र तितका अवधी नाही. त्याचे वाचन दोन-तीन वर्षांत झाले नाही, तर शाळेत असूनही शाळा त्याच्यासाठी संपलेली असते.