पोळपाट घरोघरी, पापड एकच

उद्योग म्हटला की धुराडे, भोंगा आणि पाळीच्या वेळी फाटकातून आत जाणारा कामगारवर्ग असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मुंबईच्या उपनगरांनी हे चित्र अनेक वर्षे पाहिले. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात कारखान्यांची रांगच होती. पुढे त्यांपैकी अनेक बंद पडले आणि त्यांच्या जागी निवासी इमारती व व्यापारी संकुले उभी राहिली. परंतु याच महानगरात एक असाही उद्योग वाढला की, ज्याचे मुख्य काम कोणत्याही एका छपराखाली चालत नाही. तो उद्योग म्हणजे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ होय. हजारो घरांत, हजारो हातांनी लाटलेला पापड एकाच चवीचा आणि एकाच जाडीचा कसा निघतो, हा प्रश्न केवळ स्वयंपाकघरातला नाही. अनेक लहान घटकांनी एकत्र येऊन एक मोठा व्यवसाय कसा चालवावा, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

गच्चीवरील प्रारंभ

15 मार्च 1959 रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी 80 रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. या सातजणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना 2021 साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली. समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजेच छगनबापा, हे या महिलांचे मार्गदर्शक होते. दर्जा एकच ठेवावा, हिशेब चोख असावा आणि तोटा आला तरी देणगी घेऊ नये, हे दंडक संस्थेने आरंभापासून पाळले.

अडचणी आल्याच. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्याने चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी एक खाट व एक शेगडी विकत घेण्यात आली. खाटेवर पापड आणि खाटेखाली शेगडी, अशा साध्या युक्तीने पावसाळ्यातही काम चालू राहिले. 1961 साली मालाड या उपनगरात शाखा काढण्याचा प्रयत्न झाला; तो मात्र यशस्वी झाला नाही. 1966 साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. आयोगाकडून खेळत्या भांडवलासाठी 8 लाख रुपयांचे साहाय्यही मिळाले. ही देणगी नव्हे, तर कामाच्या बळावर मिळालेली पत होती.

एका दिवसाचे चक्र

शाखेचे काम पहाटेच सुरू होते. उडदाचे पीठ, मिरी, हिंग, मीठ व पापडखार यांचे प्रमाण ठरलेले असते. पीठ मळण्याचे काम शाखेतच होते. ते घरी नेऊन करण्याची मुभा नाही. सकाळी भगिनी सदस्या शाखेत येतात. आदल्या दिवशी लाटून वाळविलेले पापड त्या जमा करतात, त्यांचे वजन व तपासणी होते, लाटणावळ हाती पडते आणि त्या दिवसाचे पीठ घेऊन त्या घरी परततात. दूर राहणाऱ्या भगिनींची ने-आण करण्यासाठी गाडीची व्यवस्था असते.

ही देवघेव वरवर साधी दिसते, परंतु तिच्यात तीन गोष्टी एकाच वेळी मिटतात: माल पोहोचतो, माप ठरते आणि मोबदला मिळतो. कोणाचे किती पीठ बाहेर आहे आणि किती पापड येणे आहेत, याचा हिशेब एका दिवसापलीकडे लांबत नाही. पापड जाड झाला किंवा नीट वाळला नाही, तर दोष दुसऱ्याच दिवशी कळतो आणि तो कोणाच्या हातचा हेही कळते. मोठ्या कारखान्यात ज्या कामासाठी देखरेख करणारा स्वतंत्र वर्ग नेमावा लागतो, त्याचा बराचसा भाग येथे रोजच्या देवघेवीनेच साधला जातो.

काम घरी चालत असले तरी घर कसे असावे, याचा नियम आहे. घर स्वच्छ असावे आणि पापड वाळविण्यास पुरेशी जागा असावी, अशी अट असते. उपनगरातील दहा बाय दहाच्या खोलीत ही अट पाळणे प्रत्येकीला शक्य नसते. अशा भगिनींना लाटण्याऐवजी पीठ मळणे, पाकिटे भरणे किंवा तपासणी करणे ही शाखेतील कामे करता येतात. नियम शिथिल न करताही माणसाला सामावून घेता येते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

खरेदी एकत्र, जबाबदारी आपापली

कच्च्या मालाची खरेदी मध्यवर्ती पातळीवर होते आणि तोच माल सर्व शाखांना पुरविला जातो. त्यासाठी उडीद म्यानमारहून, हिंग अफगाणिस्तानातून, तर मिरी केरळातून आणली जाते. प्रत्येक शाखेने आपापल्या बाजारात स्वस्त मिळेल ते घेतले असते, तर चव गावोगाव बदलली असती. याउलट नफा-तोटा मात्र ज्या त्या शाखेचा असतो आणि तो त्या शाखेतील भगिनींमध्येच वाटला जातो. त्यामुळे वाया गेलेल्या पिठाचा भार दूरच्या कार्यालयावर न पडता आपल्याच शाखेवर पडतो, ही जाणीव प्रत्येकीस राहते.

पुढे संस्थेने पीठ, मसाला, छपाई व वेष्टन असे पूरक विभाग काढले. बोरिवली, कांदिवली, मुलुंड व वडाळा येथे चपाती विभागही सुरू झाले. पापड आणि चपाती यांतील भेद बोलका आहे. पापड काही महिने टिकतो. म्हणून तो घरोघरी लाटून, गोळा करून, दूरवर पाठविता येतो. चपाती त्याच दिवशी खपावी लागते. म्हणून ती गिऱ्हाइकाजवळच, एकत्र बसून करणे सोयीचे. माल किती टिकतो, यावर कामाची मांडणी ठरते.

सात महिलांच्या या संस्थेचा विस्तार आज 17 राज्यांत, 80 हून अधिक शाखांत आणि सुमारे 45,000 भगिनींपर्यंत झाला आहे.

गावासाठी बोध

महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून, तर ‘उमेद’ अभियान 2011 पासून महिलांच्या संघटनाचे कार्य करीत आले आहे. गावोगावचे बचत गट पापड, मसाले, लोणची तयार करतात. हातांत कौशल्य असते; प्रदर्शनात मालही खपतो. परंतु एखाद्या व्यापाऱ्याने एकाच चवीच्या पाचशे पाकिटांची मागणी केली की, दहा गटांची दहा चवींची पाकिटे गोळा होतात आणि ती मागणी हातची जाते. उणीव कौशल्याची नसते, जोडणीची असते.

ही जोडणी करताना ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांना काही प्रश्न विचारता येतील. सर्व गटांचा कच्चा माल एकाच ठिकाणाहून येतो काय? मळणे, दळणे, मिसळणे यांसारखे चव ठरविणारे काम एका जागी होते काय? माल घेतानाच तपासणी होते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम करणारीला तिचा मोबदला केव्हा मिळतो? महिनोन्‌महिने पैसे थकले की बाई पहिल्यांदा काम सोडत नाही. ती आधी काळजी सोडते, आणि दर्जा तेथेच घसरतो.

घरी केलेल्या कामाला मर्यादाही आहेत. लाटणावळ वजनावर मिळते, म्हणून आजारपणाच्या दिवशी तेवढी मिळकत बुडते. घरच कामाची जागा झाल्याने बाईचा विसावा कमी होतो. म्हणूनच ती केवळ मजुरीची नव्हे, तर नफ्याचीही वाटेकरी असणे अगत्याचे ठरते. काम विखुरले तरी चालेल. माप, माहिती आणि मालकी मात्र विखुरता कामा नये. असे झाले तर घरोघरचे पोळपाट मिळून एक कारखाना उभा राहतो आणि त्याची मालकी पोळपाटावर बसणारीच्याच हाती राहते.