दंडघेर आणि पैसेवारी

कळंब तालुक्यातील एका आजोबांनी पत्रातून विचारलेला प्रश्न वरकरणी घरगुती असला, तरी त्याचे उत्तर शोधू जाता बालवैद्यकाच्या मर्मापर्यंत जावे लागते. त्यांचा नातू २०२० च्या वैशाखात, टाळेबंदी ऐन भरात असताना जन्मला. लशी, उशिरा का होईना, सर्व टोचून झाल्या. परंतु पहिल्या सव्वा वर्षात त्याचे वजन झाले नाही, लांबी मोजली गेली नाही, की कोणी त्याच्या डोक्याभोवती फीत गुंडाळली नाही. आता तो शाळेत जातो, झाडावर चढतो, धाकट्या बहिणीशी भांडतो. "मग त्या तपासण्या चुकल्या म्हणून आमचे नेमके काय बुडाले?" असे ते विचारतात.

प्रश्न शेतकऱ्याचा आहे, तेव्हा उत्तरही शिवारातूनच द्यावे. त्यांच्या धाराशिव जिल्ह्यात पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; पूर्वी ती आण्यांत मोजत, म्हणून जुनी माणसे अद्याप आणेवारीच म्हणतात, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की तहसील कचेरीच्या आवारात दुष्काळाची चर्चा सुरू होते. परंतु महसूल खात्याने ती एकदाच न काढता नजर, सुधारित व अंतिम अशी तीनदा का काढावी, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. एका दिवसाच्या पाहणीने पिकाची स्थिती कळते, गती कळत नाही. आणि खळे उठल्यावर रिकाम्या रानात उभ्या राहिलेल्या तलाठ्याला, तो कितीही कर्तबगार असला, तरी श्रावणात पीक कसे होते हे सांगता येत नाही.

बालकाचे वजनही असेच. वर्षाचा मुलगा काट्यावर आठ किलो भरला, तर त्या एका आकड्यात घाबरण्याजोगे काही नाही. किंचित हलका, एवढेच. परंतु तोच मुलगा आठव्या महिन्यातही आठ किलोच असेल, तर चार महिने त्याच्या अंगाला काहीही लागलेले नाही, आणि हे चेहऱ्यावरून आईलाही कळत नाही, कारण ती त्याला रोज पाहते. उलट सहा-साडेसहा किलोवरून आठावर आलेले मूल, सध्या हलके असूनही, चढणीला लागलेले असते. आकडा एक, अर्थ दोन. सुदृढ बालक स्पर्धांविषयी माझे मत फारसे चांगले नाही ते याचमुळे. परीक्षकांसमोर बाळ एकदाच येते.

शिवाय काही गोष्टींना हंगाम असतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलावर सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू झाले, तर भाषेची वाट बव्हंशी मोकळी राहते. जन्मजात मोतीबिंदूच्या बाबतीत तर पहिल्या काही आठवड्यांतच घाई करावी लागते, कारण पुढे डोळा निर्मळ केला तरी मेंदूने पाहण्याची विद्या शिकलेलीच नसते. 'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण ज्याने रचली त्याच्या मनात काहीही असो, वाकड्या पावलांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे: पहिल्या आठवड्यांपासून दर आठ दिवसांनी प्लॅस्टर बदलत गेले, तर जे पाऊल बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते, ते चालू लागल्यावर सहजी वळत नाही. २०१३ साली पालघरहून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जावे असे ठरले, ते अशा दोषांचा हंगाम टळू नये म्हणून.

२०२० च्या मार्चअखेर ही सारी पाहणी खंडित झाली. अंगणवाड्यांना कुलपे लागली आणि शिधा घरपोच जाऊ लागला. पण काटा घरोघर नेणे सोपे नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई उंबऱ्याउंबऱ्यावर पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या हाती तापमापक आणि रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र होते. पाळण्यातल्या बाळाची मापे घेणे हे त्या मोहिमेचे काम नव्हते. लशींची हानी आकड्यांत दिसली: जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लशीचा पहिलाच डोस न मिळालेली भारतीय बालके २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, ती २०२० मध्ये ३० लाखांवर गेली, आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराने त्या थकबाकीची वसुली केली. न झालेल्या वजनांची मात्र अशी वर्दी कोणी देत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले, आणि त्याचे खापर महासाथीवर फोडण्याचा मोह कोणासही व्हावा, विशेषतः २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याविषयी बोलताना. परंतु राज्यातील ती पाहणी २०१९ च्या जून ते डिसेंबर या अवधीतच उरकली होती. विषाणू येथे पोहोचण्यापूर्वीच कागदावर उतरलेले अपयश विषाणूच्या खाती मांडणे हा हिशेब नव्हे.

आता ज्या वस्तूसाठी मी हा लेख एवढा लांबविला, तिच्याकडे येतो. ती म्हणजे दंडघेर पट्टी. पहिल्या वर्षअखेर बाळसे उतरू लागते आणि त्याच्या जागी स्नायू येतात. चरबी जाते, मांस भरते, आणि परिणामी एक ते पाच वर्षांच्या दरम्यान निरोगी मुलाच्या दंडाचा घेर जवळजवळ तेवढाच राहतो. निसर्गाने केलेली ही केवढी मोठी सोय! वय ठाऊक नसले, जन्मदाखला हरवला असला, तरी एकाच मापाने काम भागते. बगदादचे अदनान शाकिर यांनी ब्रिटिश बालवैद्य डेव्हिड मॉर्ले यांच्यासह १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये हे माप रंगांत मांडले: साडेबारा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेतेराच्या वर हिरवा, मधला पिवळा. अशी पट्टी जुन्या क्ष-किरण फिल्ममधूनही कापता येते. आज लाल रंग साडेअकराच्या खाली सुरू होतो आणि अंगणवाडीत 'सॅमचं बाळ', म्हणजे अतितीव्र कुपोषित बालक, ओळखण्यास तीच पट्टी लागते. शाकिर यांचे नाव मात्र तिच्यावरून पुसले गेले आहे.

रंग वाचण्यास साक्षरता लागत नाही. नायजर देशातील मिरिया येथे मातांनी आणि आरोग्यसेविकांनी घेतलेल्या दंडघेराची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. मुले अवघी १०३, म्हणून तिच्यावर इमले रचू नयेत, तथापि माता कोठे उण्या पडल्या नाहीत. आम्हांस याचे नवल वाटू नये. भूम-परांड्याच्या शेजारी जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले, आणि तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या भारतवैद्य भगिनींनी तेच सिद्ध केले. महासाथीत जागतिक संस्थांनीही आईच्या हाती पट्टी देण्याचा सल्ला दिला. याउलट आपल्याकडे २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या हाती नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे मोबाइल अॅप आले, ते इंग्रजीत. आणि राज्यभर त्यांनी सरकारी मोबाइल परत केले.

तेव्हा आजोबा, नातवाच्या सव्वा वर्षाचा आलेख कोरा राहिला तो राहिलाच. त्याचे बहुधा काही बुडालेले नाही, परंतु हे आज कळते आहे, त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. शाळेत पथक येईल तेव्हा त्याचे डोळे व कान तेवढे तपासून घ्यावेत. आणि धाकटी अजून पाच वर्षांची व्हायची असेल, तर अंगणवाडीच्या ताईंकडून एक पट्टी मागून आणावी: डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, फार आवळायची नाही.