काष्टीचा बिल्ला आणि म्हसवडचा अंगठा

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावर असलेल्या काष्टीचा जनावरांचा बाजार महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. मात्र अशा बाजारांची स्वतःची माहितीव्यवस्था संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, याकडे तंत्रज्ञानाचे अभ्यासक क्वचितच लक्ष देतात. बैलाचे वय ओठ वर करून दातांवरून ठरते: दुधाचे दात न पडलेला तो आदत, मग दुसा, चौसा, सहादाती आणि सगळे दात आलेला तो जुळलेला. भाव रुमालाखाली बोटे धरून ठरतो आणि शेवटी बाजार समितीचा दाखला हाती पडतो. यांतील दाखला सोडला तर प्रत्येक खूण अक्षरओळख नसलेल्या विक्रेत्यालाही वाचता येते आणि चुकीची वाटल्यास जागेवरच खोडून काढता येते.

या बाजारांत आता कानातील पिवळा बिल्ला आला आहे. त्यावरील बारा अंकी क्रमांकाशी जनावराची जात, वय, लसीकरण आणि मालक यांची संगणकीय नोंद जोडलेली असते, आणि महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याविना जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई करण्यात आली. 2022 मध्ये लम्पी रोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा हातावर पोट असलेल्या पशुपालकांचे जे हाल झाले ते पाहता अशा नोंदीची गरज कोणीही नाकारणार नाही. आक्षेप नोंदीला नाही; तो इतकाच आहे की जनावराच्या धन्याला ती वाचता येत नाही, आणि ती चुकली तर दुरुस्तीसाठी त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

गावापर्यंत संगणक नेण्याच्या राज्यातील जुन्या प्रयोगांपैकी वारणेचा प्रयोग बहुतेकांना माहीत आहे. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील सत्तर गावांसाठी संगणक केंद्रे सुरू झाली. शेतीविषयक ज्ञान, शिक्षण, बाजारभाव असे पुष्कळ काही त्यांतून अपेक्षित होते, पण शेतकऱ्याने त्यांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, तोडणी, वजन आणि बिल यांसाठी केला, आणि पुढे तेच काम साध्या मोबाइल संदेशांवर होऊ शकते, हेही तेथेच सिद्ध झाले. संगणकीय सातबारा आणि 15 ऑगस्ट 2021 पासूनची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करण्याची सोय, यांवर आजवर इतके लिहिले गेले आहे की येथे उल्लेख पुरे.

खरा विस्तार हवा तो म्हसवडचा. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यात चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक सभासद निरक्षर असल्यामुळे रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, तेव्हा त्या स्त्रियांनी तोंडी व्याज काढून दाखवण्याची तयारी ठेवली आणि 1997 मध्ये परवाना मिळवला. पुढे पासबुक घरात सापडले की नवरा पैसे मागतो, ही अडचण त्यांनीच मांडली, म्हणून कार्ड आले. कार्डाला गुप्त क्रमांक देण्याचे ठरले, तर तो दुसऱ्याला कळू शकतो, अंगठा मात्र कोणी चोरू शकत नाही, असे त्यांनीच सुचवले. आजवर निरक्षरतेची खूण मानला गेलेला अंगठा येथे मालकीची खूण झाला, आणि हा बदल यंत्र वापरणाऱ्या बाईने घडवला, यंत्र बनवणाऱ्याने नव्हे. त्याच गावात 2008 मध्ये सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक संस्थेने दहा-बारा किलोमीटरच्या परिघासाठी चालवलेले लहान केंद्र, सुरू झाला आणि ज्या बायका ओव्या फक्त जात्यावर म्हणत, त्यांचा आवाज संगणकावर ध्वनिमुद्रित होऊन त्यांच्याच बोलीत घरोघर पोहोचू लागला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला होता, आणि 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशा केंद्रांचे दार उघडले. तरीही या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, हा अन्याय आहे.

स्वस्त फोन आणि स्वस्त डेटा पोहोचला की दुर्बल समाज आपोआप सबल होतो, असे सांगणारा एक वर्ग अलीकडे व्याख्यानांतून वारंवार भेटतो. या वर्गाने भटक्या-विमुक्तांच्या पालावर एकदा बसावे. जातीच्या दाखल्यासाठी त्यांच्याकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना गावाने वेशीच्या आत मुक्काम करू दिला नाही, त्यांनी तो आणावा कोठून? अर्ज ऑनलाइन झाला म्हणून हा कागद निर्माण होत नाही, उलट पूर्वी निदान कारकुनापुढे उभे राहून कैफियत मांडता येत असे, ती जागाही पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकटीने घेतली. खेड्यातल्या माणसाला प्रश्न विचारून यंत्रणा आखण्याची म्हसवडची रीत मागे पडत चालली आहे आणि शहरात तयार झालेले ॲप गावावर उतरवणे यालाच प्रगती म्हटले जात आहे.

काष्टीपुरती मागणी लहान आहे आणि ती पुरी करण्यासाठी नवा शोध लागत नाही. बाजाराच्या दिवशी बिल्ल्याचा क्रमांक सांगताच जनावराची नोंद मराठीत मोठ्याने ऐकवणारी, आणि चूक असल्यास दुरुस्तीचा अर्ज तिथेच लिहून घेणारी एक खिडकी बाजार समिती आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मिळून उघडावी.